फ्रेडरिक मायकेल हॅलफर्ड

फ्रेडरिक मायकेल हॅलफर्ड (१३ एप्रिल, इ.स. १८४४ – ५ मार्च, इ.स. १९१४) हे ट्राउट माशाच्या मासेमारीचे इंग्लिश अभ्यासक व ग्रंथकार होते. पाण्यावर तरंगणारी कृत्रिम माशी वापरून ट्राउट पकडण्याच्या पद्धतीस ड्राय फ्लाय मासेमारी असे म्हणतात. या पद्धतीचा शोध हॅलफर्ड यांनी लावला नाही. परंतु विखुरलेल्या अनुभवांना एकत्र आणून, कीटकांच्या अभ्यासाची जोड देऊन आणि नियमांत बांधून त्यांनी तिला शास्त्राचे रूप दिले. कृत्रिम माशी ही नदीवरील विशिष्ट कीटकाची हुबेहूब प्रतिकृती असली पाहिजे, हे त्यांच्या विचाराचे मुख्य सूत्र होते. या सूत्रातूनच कृत्रिम माशीला पंख असावेत की नसावेत हा प्रश्न महत्त्वाचा ठरला आणि हॅलफर्ड यांच्या मृत्यूनंतरही अनेक दशके त्यावर चर्चा होत राहिली.

पार्श्वभूमी

ट्राउट हा थंड, स्वच्छ व भरपूर प्राणवायू असलेल्या पाण्यात राहणारा मासा आहे. तो मूळचा भारतातील नाही. ब्रिटिश राजवटीत काश्मीर, निलगिरी यांसारख्या थंड प्रदेशांतील पाण्यात तो आणून सोडण्यात आला. इंग्लंडच्या दक्षिणेस हॅम्पशायर व त्यालगतच्या परगण्यांत खडूच्या खडकांतून झिरपलेल्या पाण्यावर वाहणाऱ्या नद्या आहेत. त्यांना चॉक स्ट्रीम म्हणतात. टेस्ट, इचन व केनेट या त्यांपैकी प्रसिद्ध नद्या होत. भूगर्भातून येणारे पाणी असल्यामुळे त्यांचा प्रवाह वर्षभर बराचसा सारखा राहतो, पाणी काचेसारखे नितळ असते आणि तळाशी पाणवनस्पतींची दाट वाढ होते. अशा पाण्यात कीटक विपुल असतात व ट्राउट चांगले पोसतात. मात्र पाणी नितळ असल्यामुळे माशाला आमिष नीट न्याहाळता येते आणि काठावरचा माणूसही सहज दिसतो.

या नद्यांवरील ट्राउटच्या आहारात मेफ्लाय गणातील कीटकांना महत्त्वाचे स्थान आहे. या कीटकाचे बहुतेक आयुष्य पाण्याखाली अपक्व अवस्थेत जाते. या अवस्थेला निम्फ म्हणतात. पूर्ण वाढ झाल्यावर तो पृष्ठभागावर येतो, कात टाकतो आणि त्याला पंख फुटतात. या पहिल्या सपंख अवस्थेला मासेमारांच्या भाषेत डन असे नाव आहे. डनचे पंख मळकट, अपारदर्शक असतात आणि तो ते होडीच्या शिडाप्रमाणे उभे धरून काही क्षण पाण्यावर वाहत जातो. त्यानंतर तो उडून झाडाझुडपांत जातो व तेथे पुन्हा एकदा कात टाकतो. आता त्याचे पंख पारदर्शक व चकचकीत होतात. या अवस्थेला स्पिनर म्हणतात. मीलन व अंडी घालणे उरकल्यावर स्पिनर पंख पसरून पाण्यावर पडतो व मरतो. निम्फला मोकळे पंख नसतात, डनचे पंख उभे असतात आणि मृतप्राय स्पिनरचे पंख आडवे पसरलेले असतात. पंखांविषयीचा पुढील सर्व वाद समजून घेण्यासाठी हा भेद ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

कृत्रिम माशी म्हणजे गळाच्या दांड्यावर रेशीम, लोकर, केस व पिसे गुंडाळून केलेली कीटकाची आकृती. तिचे मुख्यतः चार भाग असतात : शेपटी, धड, पंख आणि हॅकल. हॅकल म्हणजे कोंबड्याच्या मानेवरील निमुळते पीस. ते गळाभोवती गुंडाळले की त्याचे तंतू चहूबाजूंना उभे राहतात. हे तंतू कीटकाच्या पायांचा भास निर्माण करतात व माशीला पाण्यावर तोलून धरतात. पंख हे बहुधा स्टार्लिंगसारख्या पक्ष्याच्या मोठ्या पिसातून कापलेल्या पट्ट्यांचे केले जात. माशीला तरंगत ठेवण्याचे काम प्रामुख्याने हॅकल करते. पंखांचे काम मुख्यतः दिसण्याचे असते.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बहुतेक मासेमार आपली कृत्रिम माशी पाण्याखाली बुडवून वापरत. जॉर्ज पुलमन यांच्या लेखनात कोरडी, तरंगती माशी वापरण्याचा उल्लेख त्या काळीही आढळतो. जेम्स ऑग्डन यांच्यासारखे कारागीर अशा माश्या बांधतही असत. उत्तर इंग्लंड व स्कॉटलंडमधील खळाळत्या नद्यांवर तर बिनपंखांच्या, केवळ मऊ पिसाच्या माश्यांची जुनी परंपरा होती. डब्ल्यू. सी. स्टुअर्ट यांनी १८५७ मध्ये व टी. ई. प्रिट यांनी १८८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत या परंपरेची माहिती मिळते. म्हणजे हॅलफर्ड यांनी लेखणी हाती घेतली तेव्हा बिनपंखांची माशी ही काही नवी कल्पना नव्हती. मात्र ती बुडवून वापरायची माशी होती आणि तिचे क्षेत्र निराळे होते.

प्रारंभिक जीवन

हॅलफर्ड यांचा जन्म बर्मिंगहॅम येथे एका सधन ज्यू कुटुंबात झाला. कुटुंबाचे मूळ आडनाव हायम असे होते. पुढे ते बदलून हॅलफर्ड असे करण्यात आले. कुटुंबाचा तयार कपड्यांचा व्यवसाय होता. फ्रेडरिक लहान असतानाच कुटुंब लंडनला स्थायिक झाले. त्यांचे शिक्षण लंडनमधील युनिव्हर्सिटी कॉलेज स्कूल येथे झाले. शिक्षणानंतर ते कौटुंबिक व्यवसायात शिरले.

मासेमारीची आवड त्यांना बालपणापासून होती. तथापि ट्राउट आणि तरंगती माशी यांच्याशी त्यांचा खरा परिचय १८६८ च्या सुमारास झाला. त्या वेळी लंडनच्या दक्षिणेस वाहणाऱ्या वँडल या छोट्या नदीवर मासेमारी करण्याची संधी त्यांना मिळाली. वँडल हीदेखील चॉक स्ट्रीमच होती व तेथील काही जाणकार तरंगती माशी वापरत असत. ही पद्धत हॅलफर्ड यांनी तेथे आत्मसात केली. पुढील दशकात ते हॅम्पशायरमधील टेस्ट नदीकडे वळले आणि नदीकाठच्या होटन या गावी त्यांचा वारंवार मुक्काम पडू लागला.

मॅरियट यांची भेट

१८७९ मध्ये विंचेस्टर येथील जॉन हॅमंड यांच्या मासेमारी साहित्याच्या दुकानात हॅलफर्ड यांची जॉर्ज सेल्विन मॅरियट (१८४०–१८९६) यांच्याशी भेट झाली. मॅरियट हे त्या काळातील अत्यंत कुशल मासेमार म्हणून ओळखले जात. निरीक्षण सूक्ष्म, हात कसबी, परंतु लेखनाची व प्रसिद्धीची हौस नाही, असा त्यांचा स्वभाव होता. हॅलफर्ड यांच्याकडे चिकाटी, पद्धतशीरपणा आणि लिहिण्याची तयारी होती. दोघांचे गुण परस्परपूरक ठरले.

पुढील काही वर्षे या दोघांनी नदीवरील कीटक गोळा केले, त्यांच्या अवस्था वेगळ्या ओळखल्या, पकडलेल्या ट्राउटच्या पोटातील अन्न तपासले आणि त्यानुसार माश्या बांधून त्यांची परीक्षा घेतली. माशाने प्रत्यक्षात काय खाल्ले आहे हे पाहून मग माशी बांधायची, हा क्रम त्या काळी नवीन होता. या संशोधनावर आधारलेल्या पहिल्या ग्रंथावर सहलेखक म्हणून नाव घालण्याची विनंती हॅलफर्ड यांनी मॅरियट यांना केली होती. परंतु मॅरियट यांनी ती स्वीकारली नाही. त्यामुळे ड्राय फ्लायच्या इतिहासात मॅरियट यांचा वाटा नेमका किती, हा प्रश्न अभ्यासकांपुढे कायम राहिला आहे. हॅलफर्ड यांनी मात्र आपल्या लेखनात मॅरियट यांचे ऋण नेहमीच मान्य केले.

याच काळात साधनांमध्येही मोठा बदल घडला. पूर्वीच्या गळाला नेढे नसे. रेशीमकिड्यापासून काढलेली तात गळालाच कायमची बांधलेली असे. तरंगती माशी कोरडी ठेवण्यासाठी ती हवेत पुन्हा पुन्हा झुलवावी लागते. त्यामुळे तात गळाच्या तोंडाशी झिजून तुटे आणि माशी वाया जाई. हेन्री सिंक्लेअर हॉल व जॉर्ज बँकार्ट यांनी नेढे असलेला लहान आकाराचा गळ सुधारून प्रचारात आणला, तेव्हा ही अडचण दूर झाली. हे हॉल म्हणजे क्लिफ्टन कॉलेजमधील गणिताचे शिक्षक होत. हॉल व नाइट यांच्या बीजगणिताच्या पाठ्यपुस्तकांमुळे त्यांचे नाव भारतातील विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांना परिचित आहे.

लेखनकार्य

हॅलफर्ड हे 'द फील्ड' या इंग्लिश साप्ताहिकात 'डिटॅच्ड बॅजर' या टोपणनावाने लिहीत असत. १८८६ मध्ये त्यांचा 'फ्लोटिंग फ्लाइज अँड हाउ टू ड्रेस देम' हा पहिला ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात ९० तरंगत्या माश्यांची कृती आणि हाताने रंगवलेली चित्रे होती. माशी बांधण्याच्या प्रत्येक टप्प्याचे तपशीलवार वर्णन असल्यामुळे हा ग्रंथ अल्पावधीत प्रमाणभूत मानला जाऊ लागला.

१८८९ मध्ये 'ड्राय-फ्लाय फिशिंग इन थिअरी अँड प्रॅक्टिस' हा दुसरा ग्रंथ आला. पहिल्या ग्रंथात माशी कशी बांधावी हे होते, तर दुसऱ्यात ती कशी वापरावी हे होते. वर येऊन कीटक खाणारा मासा आधी शोधावा, त्याच्या मागच्या बाजूने म्हणजे प्रवाहाच्या खालून जावे, माशी त्याच्या थोडी पुढे वरच्या अंगाला हलकेच उतरवावी आणि ती प्रवाहाबरोबर ओढ न बसता वाहत त्याच्यापर्यंत जाऊ द्यावी, असा हा क्रम आहे. याच वर्षी हॅलफर्ड यांनी व्यवसायातून निवृत्ती घेतली व उर्वरित आयुष्य या विषयाला वाहून घेतले.

१८९७ मध्ये प्रकाशित झालेल्या 'ड्राय फ्लाय एंटॉमॉलॉजी' या ग्रंथात चॉक स्ट्रीमवरील कीटकांचे वर्णन व १०० निवडक माश्या दिल्या आहेत. हा ग्रंथ येण्याच्या आदल्या वर्षी मॅरियट यांचे निधन झाले होते.

हॅलफर्ड यांचे लेखन अमेरिकेतही वाचले जाई. न्यूयॉर्क राज्यातील थिओडोर गॉर्डन (१८५४–१९१५) यांनी त्यांच्याशी पत्रव्यवहार केला आणि १८९० मध्ये हॅलफर्ड यांनी त्यांना आपल्या माश्यांचा संच पाठवला. इंग्लंडमधील कीटक व अमेरिकेतील कीटक वेगळे आहेत हे ओळखून गॉर्डन यांनी आपल्या भागातील नद्यांना साजेशा माश्या बांधल्या. अमेरिकन ड्राय फ्लाय परंपरेचा आरंभ बहुधा येथून मानला जातो.

पंखांविषयीची भूमिका

हॅलफर्ड यांच्या दृष्टीने कृत्रिम माशीचे यश आकार, आकारमान आणि रंग या तीन गोष्टींतील साम्यावर अवलंबून होते. पाण्यावर वाहणाऱ्या डनकडे काठावरून पाहिले असता सर्वप्रथम नजरेत भरतात ते त्याचे उभे पंख. म्हणून डनच्या प्रतिकृतीला पंख असणे त्यांना स्वाभाविक वाटे. त्यांच्या पुस्तकांत डनचे पंख जोडीने, एकमेकांपासून विलग राहतील असे बांधण्याची रीत दिली आहे. ही रीत कौशल्याची आहे. पिसाच्या डाव्या व उजव्या बाजूच्या पट्ट्या समान रुंदीच्या घ्याव्या लागतात. त्या जराशा वाकड्या बसल्या तर माशी कलंडते, आणि हवेत फेकताना गरगर फिरून तात पिळवटते. शिवाय दोन-तीन मासे लागल्यावर पंखांच्या पट्ट्या चिरतात व त्यांचा आकार बिघडतो.

पंखांवरील मुख्य व्यावहारिक आक्षेप हेच होते. जी वस्तू बांधायला अवघड, टिकायला कच्ची आणि तरंगण्याच्या दृष्टीने अनावश्यक, ती ठेवण्याचे कारण काय, असा प्रश्न उपस्थित होणे साहजिक होते. हॅकलचे तंतूच पाय व पंख या दोहोंचा भास निर्माण करू शकतात, असे अनेकांना अनुभवावरून वाटत होते. हॅलफर्ड यांनी मात्र सोयीसाठी अचूकता सोडली नाही. अचूकतेची ही ओढ वयानुसार वाढतच गेली. १९१० मधील 'मॉडर्न डेव्हलपमेंट ऑफ द ड्राय फ्लाय' या ग्रंथात त्यांनी पूर्वीच्या सर्व माश्या बाजूला सारून केवळ ३३ माश्यांची नवी मालिका मांडली. त्यात एकाच कीटकाचा नर व मादी, तसेच डन व स्पिनर यांसाठी स्वतंत्र माश्या होत्या आणि रंग निश्चित करण्यासाठी रंगांचे ठरावीक नमुने दिले होते.

हेअर्स इअरचा त्याग

या नव्या मालिकेतून वगळलेल्या माश्यांत गोल्ड-रिब्ड हेअर्स इअर ही माशी होती. सशाच्या कानावरील केसांचे धड व त्याभोवती सोनेरी तारेचा वेढा, अशी तिची साधी रचना आहे. पायांच्या जागी धडातीलच केस सुईने ओढून मोकळे केलेले असतात. ही माशी हॅलफर्ड यांच्या आधीच्या यादीत होती आणि तिने त्यांना भरपूर मासे मिळवून दिले होते. तरीही ती नेमक्या कोणत्या कीटकाची प्रतिकृती आहे हे सांगता येत नसल्यामुळे, हुबेहूब प्रतिकृतीच्या तत्त्वात तिला जागा उरली नाही.

पुढील अभ्यासकांनी या माशीच्या यशाचा अर्थ वेगळ्या प्रकारे लावला. तिचे विस्कटलेले, केसाळ धड हे कात टाकून बाहेर पडत असलेल्या, पंख अद्याप पुरते न उघडलेल्या कीटकासारखे दिसते. असा कीटक उडू शकत नाही व ट्राउटला सहज सापडतो. तिची पंख नसलेली रूपे पुढे अधिकच प्रचलित झाली आणि आजही जगभर वापरली जातात. तत्त्वाशी जुळत नाही म्हणून अनुभवाने सिद्ध झालेली गोष्ट बाजूला ठेवण्याचे उदाहरण म्हणून हा प्रसंग हॅलफर्ड यांच्याविषयीच्या लेखनात वारंवार येतो.

स्क्यूज यांच्याशी मतभेद

जॉर्ज एडवर्ड मॅकेन्झी स्क्यूज (१८५८–१९४९) हे व्यवसायाने वकील होते व इचन नदीवर मासेमारी करीत. आरंभी ते हॅलफर्ड यांच्या ग्रंथांचे निष्ठावान वाचक होते. परंतु पृष्ठभागाजवळ हालचाल करणारा ट्राउट पुष्कळदा पाण्यावरचा डन न खाता पाण्याखालचा निम्फ खात असतो, हे त्यांच्या लक्षात आले. अशा माशापुढे तरंगती माशी कितीही सुबक असली तरी ती व्यर्थ ठरते. १९१० मध्ये, म्हणजे हॅलफर्ड यांची नवी मालिका प्रसिद्ध झाली त्याच वर्षी, स्क्यूज यांचा 'मायनर टॅक्टिक्स ऑफ द चॉक स्ट्रीम' हा ग्रंथ आला. त्यात त्यांनी तरंगत्या माशीच्या जोडीने बुडती माशीही चॉक स्ट्रीमवर वापरावी असे प्रतिपादन केले. पुढील लेखनात त्यांनी निम्फच्या प्रतिकृतींचा विचार अधिक विस्ताराने मांडला.

हॅलफर्ड यांना ही भूमिका मान्य झाली नाही. त्यांच्या मते चॉक स्ट्रीमवर तरंगती माशी हीच योग्य पद्धत होती. त्यांच्या अनुयायांनी हे मत अधिक कडक केले आणि अनेक खासगी पाण्यांवर तरंगत्या माशीशिवाय दुसरी माशी वापरण्यास बंदी आली. एका अभ्यासकाचा निष्कर्ष अशा रीतीने नियम बनला आणि नियमाला कालांतराने शिष्टाचाराचे स्वरूप आले. हॅलफर्ड यांच्या निधनानंतरही हा वाद मिटला नाही. १९३८ मध्ये लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबमध्ये निम्फच्या वापरावर जाहीर वादसभा झाली. त्या वेळी स्क्यूज यांचे वय ७९ होते.

अखेरची वर्षे

हॅलफर्ड यांनी मासेमारीबरोबरच नदीची निगा राखण्याकडेही लक्ष दिले. पाणवनस्पतींची छाटणी, ट्राउटची पैदास व शिकारी माशांचे नियंत्रण या विषयांवर त्यांचा 'मेकिंग अ फिशरी' हा ग्रंथ १८९५ मध्ये प्रसिद्ध झाला. १९०३ मध्ये त्यांनी आत्मचरित्र लिहिले. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत ते टेस्ट नदीकाठच्या मॉटिसफाँट येथे मासेमारी करीत. १९१३ मध्ये आलेला 'द ड्राय-फ्लाय मॅन्स हँडबुक' हा त्यांचा शेवटचा ग्रंथ होय. १९१४ च्या आरंभी परदेशातून इंग्लंडला परतत असताना त्यांना न्यूमोनिया झाला व ५ मार्च रोजी, वयाच्या सत्तराव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

पंखांविषयीचे उत्तरकालीन संशोधन

हॅलफर्ड यांनी कीटकाचे निरीक्षण काठावरून व हातात घेऊन केले होते. त्यांच्यानंतरच्या अभ्यासकांनी तोच कीटक पाण्याखालून, म्हणजे ट्राउटच्या बाजूने, कसा दिसतो याचा शोध घेतला. विमानरचनाकार जे. डब्ल्यू. डन यांनी १९२४ मध्ये 'सनशाइन अँड द ड्राय फ्लाय' या ग्रंथात हॅलफर्ड यांच्या रंगसाम्यावर आक्षेप घेतला. खालून पाहणाऱ्या माशाला माशी प्रकाशाच्या विरुद्ध दिसते. अशा वेळी कीटकाचे अर्धपारदर्शक धड उजळते, तर रेशमाचे अपारदर्शक धड काळपट दिसते. म्हणून डन यांनी गळाचा दांडा पांढरा रंगवून त्यावर प्रकाश पार जाऊ देणारा कृत्रिम धागा गुंडाळला.

पंखांच्या प्रश्नावर अधिक प्रकाश पडला तो प्रकाशशास्त्रामुळे. पाण्याखालून वर पाहणाऱ्या माशाला बाहेरचे जग केवळ एका वर्तुळाकार खिडकीतून दिसते. प्रकाशाच्या अपवर्तनामुळे या खिडकीचा कोन सुमारे ९७ अंश असतो. मासा १ फूट खोल असेल तर खिडकीचा व्यास साधारण सव्वादोन फूट भरतो. मासा जितका वर, तितकी खिडकी लहान. खिडकीबाहेरचा पृष्ठभाग त्याला आरशासारखा दिसतो व त्यात नदीच्या तळाचे प्रतिबिंब पडते. माशी खिडकीच्या बाहेर असताना तिचे पंख माशाला दिसत नाहीत. पायांनी अथवा हॅकलच्या टोकांनी पाण्यावर पडलेले खळगे चमकणाऱ्या ठिपक्यांसारखे दिसतात. माशी खिडकीच्या कडेजवळ आली की पंखांची टोके धडाच्या आधी दिसू लागतात. ई. डब्ल्यू. हार्डिंग यांनी १९३१ मध्ये आणि ब्रायन क्लार्क व जॉन गोडार्ड यांनी १९८० मध्ये या दृष्टिकोनातून सविस्तर विवेचन केले.

यावरून पंखांचे महत्त्व परिस्थितीनुसार बदलते असे दिसते. प्रवाह संथ व नितळ असेल आणि मासा उभ्या पंखांच्या डनवर ताव मारत असेल, तर पंखांची टोके हा त्याच्यासाठी पहिला संकेत ठरू शकतो. उलट खळाळत्या पाण्यात पृष्ठभाग सतत मोडत असल्यामुळे माशाला निरखायला वेळ मिळत नाही. तेथे केवळ हॅकलची माशी पुरेशी ठरते. स्पिनरच्या प्रतिकृतीला उभे पंख असणे तर निसर्गाच्याच विरुद्ध आहे.

अमेरिकेत या प्रश्नाची दोन परस्परविरोधी उत्तरे यशस्वी झाली. एडवर्ड हेविट यांच्या बायव्हिझिबल या माशीला पंख मुळीच नाहीत. तिचा सारा दांडा हॅकलने वेढलेला असून पुढच्या टोकाला पांढरे हॅकल असते. हा पांढरा भाग मासेमाराला माशी दिसावी म्हणून आहे. याउलट व्हिन्सेंट मॅरिनारो यांनी १९५० मध्ये पेनसिल्व्हेनियातील चुनखडीच्या नद्यांवरील अनुभवावरून डनच्या पंखांचे महत्त्व पुन्हा प्रतिपादन केले. त्या नद्या चॉक स्ट्रीमप्रमाणेच संथ व नितळ आहेत, ही गोष्ट येथे लक्षणीय आहे. याच मॅरिनारो यांनी जॅसिड ही चिमुकली माशी तयार केली. तिच्या पाठीवर सह्याद्रीतही आढळणाऱ्या राखी रानकोंबड्याच्या मानेचे एकच पीस सपाट बसवलेले असते. १९७१ मध्ये डग स्विशर व कार्ल रिचर्ड्स यांनी पंख राखून हॅकलच काढून टाकले. ज्या दोन भागांपैकी पंख अनावश्यक मानले जात होते, त्यांतील दुसरा भागही अपरिहार्य नाही हे त्यामुळे दिसून आले.

मूल्यमापन

हॅलफर्ड यांच्या ३३ माश्यांपैकी फारच थोड्या आज वापरात आहेत. पिसांच्या पट्ट्यांचे नाजूक पंखही बहुतांशी मागे पडले असून त्यांची जागा केस, मऊ पिसे व कृत्रिम तंतू यांनी घेतली आहे. तरंगती माशीच श्रेष्ठ हा त्यांचा आग्रहही बऱ्याच पाण्यांवर शिथिल झाला आहे. या अर्थाने त्यांचे अनेक निष्कर्ष काळाच्या कसोटीवर टिकले नाहीत.

त्यांची पद्धत मात्र टिकली. नदीवर आधी निरीक्षण करावे, मासा काय खातो ते तपासावे, कीटकाची अवस्था ओळखावी आणि मगच माशी निवडावी, हा क्रम त्यांनी घालून दिला. स्क्यूज, डन, हार्डिंग, मॅरिनारो या साऱ्यांनी त्यांचे निष्कर्ष खोडले ते याच पद्धतीने. पंख हवेत की नकोत, या प्रश्नाला हॅलफर्ड यांनी दिलेले उत्तर अपुरे ठरले. कारण ते माणसाच्या डोळ्याला दिसणाऱ्या कीटकावर आधारलेले होते, तर निर्णय ट्राउटच्या डोळ्याचा होता. तरीही आवडीनिवडीचा हा प्रश्न पुराव्याने सोडवण्याजोगा आहे, ही जाणीव मासेमारांमध्ये रुजवण्याचे श्रेय मोठ्या प्रमाणावर त्यांच्याकडे जाते.

ग्रंथसंपदा

फ्लोटिंग फ्लाइज अँड हाउ टू ड्रेस देम (१८८६)
ड्राय-फ्लाय फिशिंग इन थिअरी अँड प्रॅक्टिस (१८८९)
मेकिंग अ फिशरी (१८९५)
ड्राय फ्लाय एंटॉमॉलॉजी (१८९७)
ॲन अँगलर्स ऑटोबायोग्राफी (१९०३)
मॉडर्न डेव्हलपमेंट ऑफ द ड्राय फ्लाय (१९१०)
द ड्राय-फ्लाय मॅन्स हँडबुक (१९१३)